आत एक माणूस

सोमवार, ३ मार्च

पोहोचलो. एक बॅग, एक तुटकी चप्पल, बाकी मी धडधाकट. ताईने बॅगेकडे बघून विचारलं, या वेळी किती दिवसांची नोकरी? भाऊजी म्हणाले, बॅगच लपवून ठेव, पळायला तेवढाच उशीर होईल. नववीत शाळा सोडल्यापासून ट्रक, छापखाना, मोबाइल दुरुस्ती सगळं करून झालंय. इथे भाऊजींनी त्यांच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमकडे शब्द टाकलाय, म्हणजे टिकायलाच हवं.

कामाची खोली भारी आहे. काचेच्या दारामागे कपाटांत शेकड्याने कॉम्प्युटर, सगळे मिळून एकच गणित सोडवतात. थंडी इतकी की भाऊजींचा तपकिरी स्वेटर आतच खुंटीला असतो. दारावरच्या छोट्या पाटीवर आत किती माणसं आहेत तो आकडा दिसतो, दोन्ही बाजूंनी. आकडा बदलतो ते बघायला मी सारखा आत-बाहेर करत होतो. भाऊजी म्हणाले, झालं खेळून की खाऊ देऊ?

गुरुवार, ६ मार्च

काम कळलं. मशीन चालू झालं की त्याच्यासोबत बारीकसारीक प्रोग्रॅम आपोआप उठतात. कोणी घड्याळ जुळवतं, कोणी छपाईची वाट बघत बसतं. इथे छापतोय कोण? पण एक मशीन पाठ खाजवायला थांबलं की बाकी सगळी त्याच्यासाठी खोळंबतात. म्हणून प्रत्येक मशीनच्या यादीतले रिकामटेकडे काढायचे. भाऊजींनी बजावलंय, जे ओळखत नाहीस त्याला हात लावायचा नाही, मला विचारायचं.

सोमवार, १० मार्च

भाऊजी दात दाखवायला गेले होते. दाराजवळच्या मशीनवर एक चिमुकला प्रोग्रॅम सापडला, नाव नुसती अक्षरं. दर क्षणाला उठून काहीतरी बघतो आणि परत झोपतो. काढून टाकला. भाऊजी आले की विचारू म्हटलं, पण तेवढ्यात मॅडमची छत्री उघडेना, ती दुरुस्त करत बसलो आणि राहूनच गेलं.

मंगळवार, ११ मार्च

गणित कधी नव्हे इतक्या लवकर सुटलं. मॅडमने सगळ्यांसमोर कौतुक केलं. जेवताना भाऊजी ताईला म्हणाले, पोराने नाव काढलं. त्या प्रोग्रॅमचं आता कुठे सांगत बसायचं? पाटीवर दिवसभर शून्यच होतं. वाटलं, पाटी बिघडली असेल.

शनिवार, १५ मार्च

भाऊजी गेले.

एक वायर जळाली, धूर झाला. तिथे आग विझवायला पाणी नसतं, छतातून गॅस सुटतो. तो आगीचा श्वास कोंडतो, माणसाचाही. आत कोणी असेल तर आधी घंटा वाजते, दार उघडं राहतं. आत शून्य असेल तर दाराला लगेच कुलूप लागतं आणि गॅस सुटतो. भाऊजी आत होते. माणसं मोजायचं काम तो चिमुकला प्रोग्रॅम करायचा. तो बंद, म्हणजे शून्य.

हे सगळं तपासणीवाल्याने समजावलं. मी मान हलवत ऐकलं. तो यायच्या आधीच मी प्रोग्रॅम परत यादीत घातला होता. त्याला सगळं ठीक दिसलं. म्हणाला, घंटा-दाराची यंत्रणा जुनी होती, ऐनवेळी फसली असेल, नशीब.

गुरुवार, २० मार्च

ताई मला वाढते. म्हणते, तू होतास म्हणून सावरले. मी अर्ध्या ताटावरून उठतो.

सोमवार, २४ मार्च

खोली पुन्हा सुरू झाली. पाटीवर एक.

आत कोणी नाही. कपाटांच्या मागेही पाहिलं. मी आत गेलो तेव्हा दोन झाले. बाहेर आलो, एक. मशीन बंद करून चालू केलं. एक.

बुधवार, २६ मार्च

स्वेटर खुंटीवर नाही, स्टुलावर आहे. बाह्या पुढे, मांडीवर हात ठेवल्यासारख्या. मी टांगला. चहा पिऊन आलो तर परत –

मॅडम म्हणाल्या, आकडा चुकतोय तर काढून टाक तो प्रोग्रॅम, उद्या नवा बसवू. सहज म्हणाल्या. मी हो म्हणालो.

म्हणजे पुन्हा शून्य. भाऊजी आत असताना. दुसऱ्यांदा मीच –

गुरुवार, २७ मार्च. सकाळ

नाही काढला. काढवत नाही.

ताईने विचारलं, हे शेवटी काही बोलले होते का रे? म्हणालो, माहीत नाही. हे पण खोटंच. त्या शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली होती. बघ रे, पाटीवर शून्य कसं. मी म्हणालो, पाटी बिघडलीय, तुम्ही करा तुमचं काम. आणि ते गेले आत.

दुपार

वही घेऊन आत बसलोय. सगळं इथेच लिहीन म्हटलं, त्यांच्यासमोर, मग ताईच्या हातात वही देईन. पाटीवर दोन.

ताई, तो मी काढला. न विचारता. मग परत घालून ठेवला, कोणाला कळू नये म्हणून. तू मला वाढत होतीस ते –

लिहून झालं. वर पाहिलं, पाटीवर एक.

गेले. भाऊजी बाहेर गेले. ऐकलं त्यांनी. किती दिवसांनी मोकळं वाटतंय. आता वही घेऊन घरी

स्वेटर नाही. खुंटीवर नाही, स्टुलावर नाही. काचेपलीकडे माझ्या टेबलाशी कोणीतरी बसलंय, पाठमोरं. तपकिरी. दाराजवळच्या मशीनची यादी उघडलीय –

पाटीवर शून्य.

वायर जळाल्याचा वास. मी आहे ना आत. भाऊजी, मी आहे, मोजा मला, मी

दाराचं कुलूप