संजूच्या नावाने एक पेग

वर्षश्राद्धाचं जेवून उठायचं आणि गॅरेजमध्ये बाटली उघडायची, ही कुठली रीत? तुझ्याच मित्रांनी उघडली. "काकू, संजूच्या नावाने एक," म्हणाले. ज्याने जीव घेतला, त्याचाच नैवेद्य. आणि ग्लास धरून सगळ्यात पुढे कोण? तुझा सख्खा धाकटा भाऊ, नितीन. म्हणून आज लिहायला बसले.

बाळ संजू,

माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर कोंबडीने माती उकरल्यासारखं. चालवून घे. जिवंत होतास तेव्हा ऐकलं नाहीस, आता मुकाट्याने वाच.

सकाळपासून नागपूरचे उन्हाळे आठवतायत. पन्हं चोरून प्यायचास आणि भांड्यात तेवढंच पाणी घालून ठेवायचास. नितीनला वाटायचं, दादासारखा हुशार जगात कोणी नाही. तू केस उलटे फिरवलेस की त्याचेही उलटे. तू पडलास की हा मुद्दाम पडायचा.

मला इथे अमेरिकेत, कॅरीला आणलंस, तेव्हाचे शनिवार आठवतात का? स्वतः पोहे करायचास, वर तर्री अशी जाळ की तुझी बायको, मेधा, पाणी शोधत फिरायची. तेव्हा पोटातून हसायचास. ते हसू कुठे ठेवून गेलास रे?

मग शुक्रवारचं सुरू झालं. "आई, वीकेंड आहे, सगळेच घेतात." घेत होते, खरंय. सोमवारीही घेणारा तू एकटा. पुढे लॅपटॉपसमोर मीटिंगला बसायचास, हातात कॉफीचा मग आणि घरात कॉफीचा वास नाही. बडीशेपेचा डबा आठवड्यात रिकामा. मी काय नाकात बोळे घालून बसले होते?

डॉक्टर म्हणाले, भरती हो, सुटेल. तयार झालास आणि आदल्या दिवशी कॅन्सल केलंस. "ऑफिसात कळलं तर व्हिसाचं काय? महाराष्ट्र मंडळात लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणाले सांगू? हार्ट अटॅक. नितीनने तसंच सांगितलं सगळ्यांना, तुझ्या सईलासुद्धा. यकृत सडून पोरगा गेला, अब्रू मात्र ठणठणीत.

आज त्याच्या हातातला ग्लास मी काढून घेतला. "अगं आई, सोशल असतं ते. मला कंट्रोल आहे," म्हणाला. तुझंच वाक्य, तुझाच आवाज. भरदुपारी हात थरथरत होता त्याचा, तो काय त्या एका ग्लासाने?

बाटली सिंकमध्ये ओतली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "माझा संजू दारूने गेला. आठवण काढायची तर फ्रिजमध्ये ताक आहे." एकाने खरंच ताक घेतलं.

सई दारात उभी. "आजी, सो इट वॉज द ड्रिंकिंग?" म्हटलं, हो गं. पोरगी येऊन माझ्या पदराला चिकटली. मेधा रागावली, रागावू दे.

तुला शब्द देते. नितीन भरती झाल्याशिवाय मी भारतात परत जात नाही. त्याने कॅन्सल केलं की मी पुन्हा फोन लावून घेईन, सईकडून. डॉक्टरकडे जाताना त्याच्या शेजारच्या सीटवर मी असेन. एक लेक दिला, दुसरा देत नाही.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र नितीनच्या उशाशी ठेवतेय. तू उत्तराच्या भानगडीत पडू नकोस. उत्तर त्याने द्यायचं, उद्या चहाच्या आधी, माझ्या डोळ्यांत बघून. मेधावहिनीला पुढे करायचं नाही.