कोरं पाणी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. पत्र मिळालं. गुडघा दुखतोय तर जिने चढू नकोस. तू ऐकणार नाहीसच, ते सोड. आमच्या प्रयोगशाळेचं छत गळायचं थांबलं एकदाचं. मी बरी आहे.

लेकीचं बाळ अंगावर छान पितं, गुटगुटीत झालंय, असं लिहिलंस. तेवढीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतेय.

तुमच्या वस्तीतल्या बाळंतिणींच्या दुधाचे नमुने आमच्याकडे आले होते ना, त्यात तुझ्या लेकीचाही होता. फोन करून मीच म्हणाले, "पोरीचं दूध निर्मळ आहे गं." केवढी हसलीस तू!

ताई, आमचं यंत्र नमुन्यातले रेणू वजनावरून ओळखतं. एका नमुन्यात हजारो निघतात, माणसाचे डोळे पुरत नाहीत, म्हणून निवडायचं काम संगणक करतो. त्याची रीत अशी, की आधी नुसतं शुद्ध पाणी तपासायचं. त्याला आम्ही कोरं पाणी म्हणतो. त्यात जे दिसेल ते यंत्राचा मळ समजून सगळ्या नमुन्यांतून पुसून टाकायचं.

परवा कोऱ्या पाण्याचा आलेख सहज उघडून पाहिला. त्यात एक सुळका होता. कापडाला पाणी धरू नये म्हणून नदीकाठच्या कारखान्यात जो लेप देतात, त्यातलं रसायन. आमचं कोरं पाणी म्हणजे नळाचंच, गाळलेलं. आणि आमच्या नळाला तुमचीच नदी.

जे सगळीकडे होतं, ते संगणकानं मळ म्हणून पुसलं होतं.

मी बाहेरून सीलबंद पाणी मागवलं आणि सगळे नमुने पुन्हा लावले. प्रत्येक दुधात तो सुळका उभा राहिला. सगळ्यात उंच कुणाच्या, ते विचारू नकोस.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अहवाल गेलाय. मंजूर झालेल्या पद्धतीनंच गेलाय."

"साहेब, पद्धतच आंधळी आहे."

"मग पाणी कुठून आणून देणार आहेस त्यांना? ते सांग, मी आत्ता सही करतो."

ते चेष्टा करत नव्हते, त्यांचे डोळे भरले होते. घरी त्यांची नात आहे. मी ते आकडे स्वतःच वर पाठवले. पोच आली, बाकी काही नाही.

पाणी उकळून उपयोग नाही, ते रसायन जात नाही. अंगात शिरलं की वर्षानुवर्षं राहतं. पाजणं थांबवावं का, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वरचं दूध तरी कुठल्या पाण्यात कालवणार?"

इतकी वर्षं शिकले, ताई, आणि माझ्याच भाचीला काय सांगू ते मला ठाऊक नाही.

हे पत्र तिला लगेच दाखवू नकोस. आधी बाळाचं पोट भरू दे, त्याला झोप लागू दे. मग सांग.

आज आशीर्वाद मागायचं धाडस होत नाही.

तुझी,
धाकटी