घुबडाच्या पेटीतल्या चपला

पुएब्ला,
मंगळवार, ४ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. देल्फिना हिस,

ओतिलिया मावशीचे अनेक आशीर्वाद. ग्वादालुपेच्या माउलीच्या कृपेने इकडे सर्व क्षेम आहे, फक्त माझ्या डाव्या पायातली चप्पल गेली. ती कुठे गेली हे सांगायलाच आज बसले.

काल सोमवार, म्हणजे कुस्तीची अरेना. पहिल्या रांगेत मी, शेजारी तमालेवाली चायो, आणि समोर रिंगणात ते मेलं काळं घुबड. बाई गं, काय तो नालायकपणा! आपला पहाटतारा बिचारा नियमानं लढतोय, तर या मुडद्यानं पंचाची पाठ फिरली रे फिरली की कमरेखाली लाथ घातली. वर त्याच्या मुखवट्याच्या नाड्या सोडायला निघालं. मला राहवलं नाही. काढली चप्पल आणि नेम धरून हाणली, सरळ कपाळावर! तर त्यानं ती उचलली, सगळ्या अरेनाला दाखवून हुंगली, नाक धरून चक्कर आल्यासारखं आडवं पडलं. अख्खी अरेना हसली. चायोसुद्धा हसली, ते मी विसरणार नाही. मग चप्पल काखेत मारून चालतं झालं. गेली किती वर्षं माझ्या चपला नेतंय, पण एक कधी परत दिली नाही. मी एका पायानं अनवाणी घरी आले.

एक मात्र खरं सांगते, तुला म्हणून. पहाटतारा देखणा आहे, पण मार खाल्ला की आधी झगा नीट करतो. रुदो, म्हणजे नियम मोडणारा खलनायक मल्ल, असावा तर घुबडासारखा. ते पडतं तेव्हा हाडं मोडल्याचा आवाज माझ्या दाढेत येतो. पण हे चायोला सांगायचं नाही.

आता दुसरं. रविवारी तुझा नासारियो गाद्यांच्या फिरतीवरून जेवायला आला होता. भुवई फुटलेली, बोटं सुजलेली. विचारलं तर म्हणाला ट्रकवरून पडलो. गेल्या वेळी जिन्यावरून पडला होता, ईस्टरला न्हाणीघरात. अगं, गाद्या विकणारा माणूस इतका कसा पडतो? पडला तर निदान गादीवर तरी पडावं! मला तर दारूचा संशय येतो. बोलत नाही, बसत नाही, मान खाली घालून माझा मोलेचा रस्सा खातो आणि तीनतीनदा वाढून घेतो. मिळमिळीत माणूस. लग्नाआधीच मी सांगितलं होतं. मला मावशी म्हणायची परवानगी त्याला अजून नाही आणि त्याचीही मागायची हिंमत नाही.

त्यानं तुझ्यावर हात उचलला असेल तर लपवू नकोस. तुला आईवेगळीला मी वाढवली ती रडायला नाही. तुझी खोली तशीच आहे.

बाळ मातीआसला गोड पापा. लोभ आहेच, वाढला तर माझी हरकत नाही.

तुझी,
ओतिलिया मावशी


ओरिसाबा,
९ ऑक्टोबर १९८३

ती. मावशीस,

देल्फिनाचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. चपलेचं वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली.

नासारियो पीत नाही गं. एक थेंब नाही. माझ्याशी कधी वर आवाज करूनही बोलला नाही. त्याचं काम अवजड आहे आणि तो थोडा वेंधळा आहे, एवढंच समज. फिरतीवरून घरी आला की दोन दिवस तुझ्या मोलेची चव सांगत असतो. तो तुला घाबरतो, मावशी, आणि जो तुला घाबरत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

घुबड बरं लढलं का? लंगडत होतं का? डावा गुडघा धरत होतं का? इथल्या पेपरात धड काही छापत नाहीत, म्हणून विचारते.

आणि एक विनंती. तुम्ही पहिल्या रांगेतल्या बायका मुखवट्याची पैज लावा म्हणून ओरडता असं ऐकलं. नका ना ओरडू. मुखवटा गेला की रुदोचं नाव गेलं, निम्मं पोट गेलं. त्यालाही घरी बायको असेल, पोर असेल. ती बिचारी दर सोमवारची रात्र कशी काढत असेल, याचा विचार कर.

मातीआसला दोन दात आले. तुझ्यावर गेलाय, मिळेल ते फेकतो.

आशीर्वाद असू दे.

तुझी,
देल्फिना


पुएब्ला,
मंगळवार, १८ ऑक्टोबर १९८३

चि. देल्फिनास अनेक आशीर्वाद.

तुझी विनंती उशिरा पोचली, आणि वेळेवर पोचली असती तरी मी ऐकली नसती. ठरलं! सोमवार, सात नोव्हेंबर. पहाटतारा विरुद्ध काळं घुबड, मुखवट्याला मुखवटा! हरेल तो रिंगणात मुखवटा उतरवणार, सगळ्यांसमोर खरं नाव सांगणार, गाव सांगणार. आणि हे कुणामुळे ठरलं? तुझ्या मावशीमुळे! पंधरवडाभर आम्ही पहिली रांग उभी राहून मुखवटा, मुखवटा म्हणून अशा ओरडलो की माझा घसा बसला. अरेनाचा मालक स्वतः माझ्यापाशी आला, टोपी काढली, म्हणाला, ओतिलियाबाई, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. अख्ख्या गल्लीत सांगितलंय मी.

घुबडाची बायको म्हणतेस! अगं, असलीच तर घुबडीण असेल. तिला इतकंच वाईट वाटत असेल तर येऊन बसावं माझ्याशेजारी, मी तिला तमाले खाऊ घालीन आणि विचारीन, बाई, घरीसुद्धा मागूनच मारतो का?

तू विचारलंस म्हणून काल नीट पाहिलं. लंगडतंय! डावा गुडघा. तू तिकडे बसून बरोबर ओळखलंस, माझ्या हाताखाली वाढलीस ते फुकट नाही गेलं. मी लगेच पहाटताऱ्याला ओरडून सांगितलं की बाबा, डावा पाय धर, डावा! त्यानं ऐकलं आणि असा पिरगाळला की घुबड कळवळलं. एकदा माझ्याकडे पाहिलं त्यानं मुखवट्यातून. मला वाटलं शिव्या घालेल, पण नुसतं पाहिलं.

मृतांच्या सणाला आमच्या ह्यांच्या, तुझ्या फर्मिनकाकांच्या, वेदीवर यंदा झेंडू आणि पाव यांच्याबरोबर मी सात तारखेचं तिकीट ठेवणार आहे. त्यांनी हे बघायला हवं होतं गं.

तूही ये. नवऱ्याला ठेव गाद्यांवर.

तुझी,
मावशी


ओरिसाबा,
२४ ऑक्टोबर १९८३

प्रिय नासारियो,

हे पत्र त्लाश्कालाच्या खानावळीत तुझ्या हाती पडेल. वाच आणि जाळून टाक.

मावशीचं पत्र आलंय. पैज तिनं लावायला लावली, आणि गुडघा धरायलाही तिनंच सांगितलं. पहाटताऱ्याला दोष देऊ नकोस. खरं तर तिलाही कसा देणार? गुडघ्याचं मीच विचारून बसले. तुझ्या काळजीनं विचारलं आणि तिला वाट दाखवली.

मला तिला सांगू दे. काळं घुबड म्हणजे तिचाच जावई आहे, एवढंच एक वाक्य. तू हरलास तर भर अरेनात, चायोच्या शेजारी बसून, ती तुझं नाव ऐकेल. इतकी वर्षं आपण तिला वेडी बनवलं असंच तिला वाटेल. मी तिला ओळखते. ती पुन्हा अरेनात पाऊल ठेवणार नाही आणि आपल्याला तिच्या टेबलाशी बसू देणार नाही. काका गेल्यावर सोमवारवरच तर ती जगते आहे. तेवढं तिच्याकडून जाऊ नये, एवढंच मला हवंय.

तुझं उत्तर मला पाठ आहे. मुखवट्याची शपथ. पण ती म्हातारी माझी आई आहे रे.

आणि पेटीतल्या तिच्या चपला कधी टाकणार आहेस? सगळ्या डाव्या पायाच्या. मातीआस एक चघळत बसला होता.

गुडघ्याला गरम मिठाचं पाणी लाव.

तुझीच,
देल्फी


त्लाश्काला,
२८ ऑक्टोबर

प्रिय देल्फी,

मला लिहायला जमत नाही, तुला माहीत आहे.

सांगू नकोस. मुखवटा माझ्या गुरूनं माझ्या डोक्यावर चढवला, तो माझ्या एकट्याचा नाही. आणि तिला कळलं तर ती मला शिव्या देईल का? लाजेल. हळू देईल. मग मी कशाला लढू? अख्ख्या आठवड्यात माझी वाट पाहणारं पुएब्लात दुसरं कोण आहे? रविवारी तिच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. सोमवारी मात्र आम्ही दोघं पोटभर बोलतो.

हरलो तर नाव मी तिच्याकडे तोंड करून सांगेन. मग ती जे करेल ते मान्य.

चपला टाकू नकोस.

नासारियो


पुएब्ला,
बुधवार, ९ नोव्हेंबर १९८३

देल्फिना,

आशीर्वाद नंतर देईन. मातीआसला ताप आला म्हणून तू आली नाहीस. ताप उतरला असेल तर ऐक, आणि बसून ऐक.

पहिला डाव घुबडानं घेतला, दुसरा पहाटताऱ्यानं. तिसऱ्यात मी उभीच होते. डावा पाय, डावा पाय, म्हणून माझा आवाज सगळ्यांच्या वर. शेवटी पहाटताऱ्यानं तो धरला आणि पिरगाळला. घुबड किती वेळ सोसत राहिलं गं! चायो म्हणाली, पुरे आता, सोडा त्याला. मग त्यानं हात आपटला. हरलं. मी तर नाचले. काढ, काढ मुखवटा, म्हणून सगळ्यात जोरात मीच.

गुडघ्यांवर बसलं. मागच्या नाड्या सुटल्या, मुखवटा वर गेला, आणि मला वाटलं, हा गादीवाला तिथे कशाला चढला? देवाशपथ, मला पहिल्यांदा हेच वाटलं! मग भुवईवरचा व्रण दिसला. न्हाणीघरातला, जिन्यावरचा, ट्रकवरचा, सगळं एकदम दिसलं.

त्यानं माइक घेतला, माझ्याकडे तोंड केलं. नाव सांगितलं, नासारियो तेपाल. गाव आत्लिश्को. लोक शिट्ट्या मारत होते, हसत होते, आणि त्याचं ते तोंड, तेच माझ्या टेबलावरचं, खाली घातलेलं. मला सहन झालं नाही, देल्फिना. मी कठडा ओलांडला. मला कोण अडवणार? वर चढले आणि माझी शाल त्याच्या डोक्यावरून टाकून तोंड झाकलं. अरेनाला ओरडून सांगितलं, काय बघताय, तुम्हाला घरंदारं नाहीत का?

तेव्हा शालीतून तो हळूच म्हणाला, मावशी, काढा. नियम आहे.

मावशी म्हणाला. परवानगी न विचारता.

नियम मला शिकवतो! काढली मी शाल. तोंड पुसलं त्याचं, आणि मग पहिल्या रांगेकडे वळून सांगितलं, मेल्यांनो, इतकी वर्षं पैसे वसूल केलेत ना या माणसाकडून? वाजवा टाळ्या. आधी चायोनं वाजवली, म्हणून तिचं ते हसणं मी माफ केलं. मग सगळी अरेना उभी राहिली. पहाटताऱ्यानं त्याचा हात वर धरला, आणि पहिल्यांदाच झगा नीट न करता.

तुझ्यावर मी रागावले आहे आणि महिनाभर रागावणार आहे. मुलगी असून तू मला सांगितलं नाहीस. शपथेचं तो बोलला, शपथ मला कळते. तरीही रागावणार. गुडघा मी मोडवला, त्याचं मी कुणाला सांगू? काल पहाटेपासून त्याच्यासाठी हाडांचं सूप चढवलंय. आत माझ्या पलंगावर झोपलाय. तुझ्या गादीवाल्याला माझी गादी कडक वाटते म्हणे. चपलांचंही त्यानं कबूल केलं. मी पाठ फिरवून कांदा चिरत होते, म्हणून बरं.

मातीआसला पापा. तुला आशीर्वाद, रागातले.

मावशी


पुएब्ला,
१७ नोव्हेंबर १९८३

चि. नासारियोस अनेक आशीर्वाद.

तू ओरिसाबाला सुखरूप पोचलास हे देल्फिनानं कळवलं. तिच्यावरचा राग अजून चालू आहे, तिला सांग.

तुला पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा स्पष्ट लिहिते. सात तारखेची लढत एकूण चांगली झाली. दुसऱ्या डावात मात्र तू दोरांपाशी फार रेंगाळलास. चप्पल हुंगण्याची नक्कल वर्षानुवर्षं तीच आहे, आता नवीन काहीतरी बसव.

मालक भेटायला आला होता. विचारत होता, मुखवट्याशिवाय लोक तुझा राग करतील का. मी म्हटलं, लोकांचं मला माहीत नाही, पहिल्या रांगेची जबाबदारी माझी. आता तर नाव माहीत आहे, शिव्या नावानिशी देता येतील. हळू देईन अशी भीती तुला वाटते, असं देल्फिना म्हणते. मूर्ख आहेस.

गुडघा बरा झाला की सांग. पुढच्या लढतीच्या आदल्या रविवारी तिघं जेवायला या. मान वर करून जेव. पेटीतल्या माझ्या चपला सगळ्या घेऊन ये, एकसुद्धा तिकडे ठेवू नकोस. सोमवारी मला फेकायला लागतील.

तुझी,
मावशी