सुयांची एक बाटली जमा करून घेण्याबाबत, आणि एका संत्र्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी साहेब,
शहर आरोग्य विभाग, दुसरा मजला
(जिना चढल्यावर डावीकडे. पाटीवरचा बाण उजवीकडे दाखवतो, तिकडे मुतारी आहे.)

अर्जदार : आपल्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली बसणारा अर्जलेखक. राहणार : आपल्याच इमारतीत, आपल्या बरोबर खालच्या घरात.

विषय : घरी इंजेक्शन घेऊन झाल्यावर उरलेल्या सुयांची बाटली विभागाने जमा करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) खिडकी क्रमांक दोनचे तोंडी उत्तर : "इथे नाही."
२) खिडकी क्रमांक पाचचे तोंडी उत्तर : "इथे तर नाहीच."

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास मधुमेह असून तो रोज स्वहस्ते पोटात इन्सुलिन टोचून घेतो. टोचून झाले की सुईला टोपण परत न लावता (लावताना बोटात जाते, अनुभव आहे) ती सिरिंजसकट कपडे धुण्याच्या द्रवाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतो. बाटलीला फिरकीचे झाकण आहे. बाटली गळ्यापर्यंत भरू द्यायची नसते, म्हणून थोडी जागा राहिली असतानाच झाकणावर चिकटपट्टी गुंडाळून वर "सुया. उघडू नये" असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. अक्षर अर्जदाराचे असल्याने वळणदार आहे. इथवर सर्व ठीक आहे. पुढे या बाटलीचे करायचे काय, हे शहरात कोणालाही माहीत नाही.

२. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही, कारण आपल्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या बाईंना सुई टोचली आहे. या बाईंना सगळी इमारत 'इन्स्पेक्टर' म्हणते. पिशवी हातात घेतल्याबरोबर कोणी ओले-सुके एकत्र केले हे त्या ओळखतात आणि जिन्यातूनच ओरडतात, "कान फुटलेत का गं, कितीदा सांगायचं!" गाडीत जागा कमी असल्यामुळे प्रत्येक पिशवी उजव्या तळव्याने दाबून चपटी करणे ही त्यांची कामाची पद्धत. हातमोजे आपल्या विभागाने दिले आहेत, परंतु खरेदीत काय झाले देव जाणे, सगळे डाव्या हाताचे आले. बाईंनी ते उजव्या हातात घालून पाहिले, अंगठा करंगळीच्या जागी येतो. त्यामुळे उजवा हात उघडा होता आणि त्यालाच लागले. त्यांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुतला आणि तशाच दवाखान्यात गेल्या. रक्तातून पसरणारे आजार होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी बाईंना सकाळ-संध्याकाळ उलट्या होतात, उभे राहवत नाही, गाडी ओढणे तर दूरच. डॉक्टर म्हणतात, ज्याची सुई त्याने येऊन रक्त तपासून घेतले आणि ते निर्दोष निघाले, तर या गोळ्या बहुतेक थांबवता येतील. नाहीतर महिनाभर हेच चालणार, आणि पुढेही रक्त तपासून घेत राहायचे. दरम्यान त्या लेकीच्या बाळाला जवळ घेत नाहीत. डॉक्टरांनी तसे काही सांगितलेले नाही, उलट घ्या म्हणाले. पण त्यांच्या मनाची भीती गोळीने जात नाही.

३. सुई कोणाची, यावर इमारतीची सभा झाली. सभेत कोणालाही विचार करावा लागला नाही, सर्वांच्या माना एकदम अर्जदाराकडे वळल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आत्याबाईंनी अर्जदाराने यापुढे लिफ्ट वापरू नये, अशी सूचना मांडली, आणि सचिवांनी ती लिहूनही घेतली. अर्जदाराने बाटली आणून दाखवली. ती कोणी हातात घेईना. अर्जदार सिरिंज वापरतो आणि टोचलेली सुई इन्सुलिनच्या पेनाची (पेनासारखे टोचायचे साधन, सुई दरवेळी काढून बदलायची), म्हणजे बोटाच्या पेराएवढी, टोपीसारख्या बुडाची होती, हेही ओरडून सांगितले. ते ऐकायला सभा थांबली नव्हती. अर्जदाराने आपले रक्त दुसऱ्याच दिवशी तपासून घेतले. ते स्वच्छ आहे. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, सुई तुमची नसेल तर या रिपोर्टाचा बाईंना काडीचा उपयोग नाही.

४. त्यानंतर अर्जदार बाटली घेऊन आपल्या कार्यालयात आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बाटलीवरचा मजकूर वाचला आणि आपली खुर्ची उचलून झाडाखाली नेली. खिडकी दोनवर विचारणा झाली की हा कचरा ओला की सुका. अर्जदाराने प्रामाणिकपणे सांगितले की वापरताना ओला होता, आता सुकला आहे. असा रकाना नसल्यामुळे त्यास खिडकी पाचकडे पाठवण्यात आले. तेथे सुया वापरलेल्या असल्याचा दाखला मागण्यात आला. दाखला कोण देणार, असे विचारता "ज्याने टोचल्या त्याने" असे उत्तर मिळाले. टोचणारा मीच असल्याचे सांगितल्यावर, स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही, असे ठरले. मोठ्या दवाखान्याने कळवले की आम्ही आमच्या सुया घेतो, बाहेर टोचलेल्या घेत नाही. औषधाच्या दुकानदाराने हात जोडले आणि सांगितले की विकणे हा त्याचा धंदा आहे, परत घेणे नाही. तरी दवाखान्यात अशा बाटल्यांसाठी एक पिंप ठेवावे आणि तसे हुकूम काढावेत, ही विनंती. एका पिंपाने काम भागेल.

५. साहेब, इथपर्यंत आपल्या कार्यालयाचे टपाल उघडणारे कारकून वाचतात. उभी हयात लोकांचे अर्ज लिहिण्यात गेली, त्यामुळे कोणत्या परिच्छेदावर त्यांना जांभई येते ते अर्जदारास पक्के ठाऊक आहे. पिंपाचे नाव निघाले की ते पान उलटतात, कोपऱ्यात 'सादर' असे लिहितात आणि फाइल आत पाठवतात. विषय म्हणूनच तसा बेतला. बाटलीची मागणी खोटी नाही, पण ती पुढच्या मजकुरावर पांघरूण म्हणून घातली आहे. आता आपण आणि मी दोघेच आहोत.

६. टोचलेली सुई संत्र्यात होती. सडके संत्रे पिशवीत दाबले गेले, फुटले आणि आतल्या सुया उघड्या पडल्या. इमारतीतल्या सर्वांना हा माझाच माथेफिरू उद्योग वाटला. मला मात्र ते संत्रे पाहताक्षणी घाम फुटला, कारण संत्र्याचा सल्ला माझा होता.

झाले असे की, मागे एकदा वहिनी, म्हणजे आपल्या सौभाग्यवती, आमच्याकडे वाटीभर साखर मागायला आल्या. साखर घेतली आणि उंबऱ्यातच घोटाळल्या. मग हळूच विचारले, "भावोजी, ते पोटाला टोचतात ना, खूप दुखतं का हो? आमच्या एका नातेवाइकांना नवीनच सांगितलंय. हात थरथरतो त्यांचा." मी म्हणालो, त्यांना सांगा, आधी संत्र्यावर हात बसवा, सालीचा आणि कातडीचा अंदाज सारखाच लागतो. वहिनी म्हणाल्या, "नातेवाईक हट्टी आहेत हो. बायकोला हात लावू देत नाहीत. आणि घरात कोणाला कळायला नको म्हणतात." घरात कोणाला कळायला नको, आणि साखर मात्र वाटीभर न्यायची! शिवाय दुसऱ्याच्या घरातली एवढी बित्तंबातमी वहिनींना कशी? तेव्हाच मला नातेवाईक कोण ते उमगले.

नातेवाइकांनी संत्र्यावर हात बसवला, उत्तम केले. पण पुढे पोटात टोचून झाल्यावर सुई पेनावरून काढून त्याच संत्र्यात खोचून ठेवायची, म्हणजे घरात कोणाच्या नजरेस पडणार नाही, ही अक्कल त्यांची स्वतःची. आरोग्य विभागाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसून, शाळाशाळांतून "गोड कमी खा" अशी भाषणे ठोकणाऱ्या माणसाला आपली साखर वाढल्याची एवढी लाज वाटावी, की सुया फळात दडवून कचऱ्यात टाकाव्यात? साहेब, रागावू नका. मधुमेह झाला म्हणून कोणी आपली भाषणे परत मागणार नव्हते. ती कोणी ऐकलेलीच नाहीत.

७. वर येऊन मी बेल वाजवली होती. आतून टीव्हीचा आवाज बंद झाला आणि दार उघडले नाही. दुसऱ्यांदाही तसेच. म्हणून हा द्राविडी प्राणायाम. कार्यालयात आलेला अर्ज आपल्याला वाचून सही करावीच लागते.

मला आपला राग आला आहे, हे लपवत नाही. सभेत आपण समोरच्या रांगेत बसला होता. मला लिफ्टबंदी होत असताना आपण चष्मा पुसत होता. तेही मी गिळले असते. जिने चढल्याने साखर उतरते, आपणच भाषणात सांगता. पण काल मी इन्स्पेक्टरबाईंना बघायला गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर बादली. मला म्हणाल्या, "दादा, तुमची सुई नाही हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरचा कचरा मी ओळखते. ज्याची असेल त्याला सांगा, मी भांडणार नाही. नाव पण विचारणार नाही. नुसतं रक्त देऊन जा म्हणावं." जन्मभर जिन्यातून ओरडत आलेली बाई इतक्या हळू बोलली, की मला तिथे बसवेना.

८. सबब विनंती एवढीच की, आपण उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन, ही सुई माझी होती, असे त्या डॉक्टरांना सांगून रक्त द्यावे. डॉक्टर नाव बाहेर फोडत नाहीत, मी विचारून आलो आहे. रक्त काढायला जी सुई लागते ती नर्स टोचते, आपल्याला काही करावे लागत नाही. भीती वाटत असेल तर मी बरोबर येतो. खरेच येतो. पहिल्या दिवशी मीही स्वयंपाकघरात सिरिंज हातात धरून रडलो होतो, आणि बायको दाराबाहेरून "झालं का?" विचारत होती. घाबरण्याबद्दल माझी आपल्यावर काही तक्रार नाही. आपण दार उघडत नाही, एवढीच आहे.

यावर लेखी उत्तर नको, टिपणी नको, योग्य त्या कार्यवाहीसाठी हा अर्ज कोणाकडे पाठवूही नये.

खालच्या घरातला आपला शेजारी,
(सही)
अर्जलेखक

दिनांक : आजचाच. उद्या उशीर होईल.

सोबत : काही नाही.
प्रत : कोणासही नाही. अर्जदाराने स्वतःजवळही ठेवलेली नाही. वाचून झाल्यावर फाडून टाकावा, आणि निघावे.