पलंगाखाली ठरलेली सोयरीक

ति. रामहरी दाजींना त्रिंबकचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, तेव्हा तूर्त उभ्यानंच घ्यावा.) बजाक्काचा खोकला उतरला का? जेऊरकडं ज्वारी कशी काय?

इकडं काल आमच्या मथुराला बघायला माढ्याचे आबासाहेब मुलाला घेऊन आले. मुलगा इथंच टॉवेलच्या कारखान्यात आहे. ते यायच्या जरा आधी ध्यानात आलं, की पलंगाची मधली पट्टी सुटलीय. वच्छलानं वर नवी चादर अंथरलेली, ती हात लावू देईना. म्हणून खालून ठोकायला मी पलंगाखाली शिरलो. दाजी, तिथं उताणं पडलं की फळी नाकावरच. हातोडी उगारायला जागा नाही. कोपर फरशीवर आपटतं, नाहीतर हातोडी कपाळावर. (खिळे तोंडात असताना शिंक आली, ते वेगळंच.) खिळा कुठं जरा आत जायला लागला, तोच पाहुणे आले आणि थेट पलंगावर बसले. बाहेर पडावं तर अंगात नुसती बंडी. वच्छला म्हणाली, "ह्ये भाजी आणाय गेल्यात." मी श्वास रोखून पडलो. तेवढ्यात आबासाहेब मधे सरकले, पट्टी खाली दबली, खिळ्याचं डोकं माझ्या हातोडीवर टेकलं आणि टोक चादरीतून वर निघालं!

"आयायाय!" करून आबासाहेब उडाले आणि वाकून बघायला लागले. "कोण हाय हितं?"

"मी मुलीचा बाप," म्हणालो. "भाजी न्हाय मिळाली."

दाजी, वाटलं, पोरीचं चांगलं स्थळ माझ्यापायी गेलं. पण हा गृहस्थ फेटा उतरवून आत शिरला की! "आसं न्हाय ठोकत. हातोडी आडवी धरा." त्यांनी आडवी धरली, ती माझ्या दंडावर बसली. मग मी मारली, ती त्यांच्या अंगठ्यावर. दोघं इतके हसलो की पलंग हलायला लागला. मथुरा पोहे घेऊन आली, तर पलंग रिकामा, मुलगा दाराशी हसू दाबत उभा आणि खालून आमचे तळपाय बाहेर आलेले. तिनं बश्या खालीच सरकवल्या. खिळा एकदाचा बसला, तेव्हा आबासाहेब म्हणाले, "पोरगी पसंत हाय. व्याही तर लई पसंत!" (पोरीचे त्यांनी फक्त पैंजण बघितलेत.)

तेव्हा अक्काला घेऊन रविवारी या, तारीख काढू.

आपला,
त्रिंबक

ता.क. : खरं सांगायचं तर मथुरानं होकार दिलेला नाही. म्हणते, "तुमचं पलंगाखाली ठरलं, मला वर कुणी इचारलंच न्हाय." ती तुमचं ऐकते. रविवारची वाट न बघता या आणि तिला समजवा.

आणखी ता.क. : समजवू नका, नुसतं या. मुलगा आत्ताच सायकलवर आलाय, आबांची चप्पल राहिली म्हणून. आबा चप्पल घालूनच गेलेत! दोघं ओट्यावर बोलतायत आणि मी खिडकीआड बसून हे लिहितोय. मथुरा हसली, दाजी! आता मोठ्यानं हसली!