चाली माझ्या घशात

३ नोव्हेंबर, सोम.
आज एम.ए.च्या वर्गात पुन्हा आवाज फाटला. कविता गाऊन शिकवायची माझी जुनी खोड. पोरं हसली. मागच्या बाकावरून, "मॅडम, पानी?" मेलं ते पाणी! दिवाळीच्या कितीतरी आधीपासून ज्येष्ठमध चघळतेय. ह्या हिंदी मुलखातल्या गाणाऱ्यांच्या गावात घसा बसला म्हणून डॉक्टरकडे कोण जातं? शिकवायची हिंदी, लिहायच्या मराठी कविता, घसा दोन्हींना एकच.

८ नोव्हें., शनि.
शेवटी ह्यांनी ओढतच मुरार भागातल्या डॉक्टरकडे नेलं. नाकातून नळी. स्वरयंत्रावर गाठ आहे. "निकालनी पड़ेगी, फिर जाँच।"
"आणि आवाज?"
"देखते हैं।"
देखते हैं म्हणजे काय? कॅन्सर हा शब्द कुणीच काढला नाही. येताना शेअर टेम्पोत ह्यांनी माझा हात धरला, चार लोकांसमोर. लग्नापासून कधी धरला नव्हता. तेव्हा खरी घाबरले.

९ नोव्हें., रवि.
सकाळपासून तिन्ही संग्रह काढून बसलेय. अक्षरं छापलीत, चाली कुठायत? एकही कविता मी चालीशिवाय लिहिली नाही. लोक म्हणायचे, रेकॉर्ड करून ठेवा. मी म्हणायची, संमेलनाला या की, समोर बसून ऐका. नखरे नुसते! आता चाली सगळ्या घशात, आणि घसा...

१४ नोव्हें., शुक्र.
लेक शरयू छावणी भागातून आली, सासरी सांगून, रजा टाकून. फोन रेकॉर्डिंगला लावून समोर धरला, "आई, बस शुरू करो." दुसऱ्या ओळीला नुसती हवा. मग म्हटलं, तू गा, मी सांगते. तिनं स्वर सरळ लावला, तिथे वळण आहे. हातानं हवेत काढून दाखवलं. "ऐसे?" नाही गं. "ऐसे?" नाही! चिडलेच. "लहानपणी रोज ह्याच चालीवर झोपवलंय तुला!"
"तब मैं सो जाती थी, आई."
दोघी रडलो. जेवून गेली.

१७ नोव्हें., सोम.
हे हजिऱ्याहून चिंचेचा पाला घेऊन आले, गावातल्या त्या जुन्या दरबारी गवयाच्या कबरीजवळचा. खाल्ला की गळा गोड होतो म्हणे. ह्या समजुतीची मी एका लेखात यथेच्छ टिंगल केलीय, आणि तो टाइप ह्यांनीच केला होता. सगळा खाल्ला. आंबट, धुळकट.

१९ नोव्हें., बुध.
उद्या ऑपरेशन. ठरवलंय, आत नेताना शेवटचं बोलायचं ते आपल्याच कवितेचं धृपद. आवाज जायचाच असेल तर काही चांगलं म्हणून जाऊ दे. भीती वाटते. फार वाटते. कुणाला सांगू, शरयू आधीच रडवेली.

२१ नोव्हें., शुक्र.
गाठ काढली, तपासायला गेलीय. आठवडाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज उरलाय का, ते त्यानंतर. तोवर पाटी.

धृपद राहिलंच. काल स्ट्रेचर ढकलायला लागले, हे बाजूनं चालत होते, तोंड पांढरंफटक, आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, दूध झाकलंत का?" दार लागलं. तेच शेवटचं असलं तर?

आज पाटीवर लिहून ह्यांना विचारलं, तेव्हा कसा होता आवाज?

म्हणाले, "नेहमीसारखा."

खोटं बोलतात. पाटी पुसली आणि पुन्हा तेच विचारलं.