तिसरा एक्स

मंगळवार, जानेफळ

आठवीची प्रिया पुन्हा तिथंच अडकली. बारा एक्स घन अधिक अठरा एक्स वर्ग, सामाईक ते कंसाबाहेर काढायचं. मसावि सहा एक्स वर्ग, तर हिचा सहा एक्स घन.

मीच शहाणपणा केला. एकमेकांच्या शेतात आलटून-पालटून राबायच्या सावडीचं उदाहरण दिलं. "तुमच्या घरून तीन बाया शेजाऱ्यांच्या निंदणाला गेल्या, त्यांच्याकडून दोनच आल्या. फिटल्या किती?"

"दोन."

"मग तिसरा एक्स कंसात ठेवायचा."

"आमच्यात बाकी ठेवत नाईत, मॅडम. माय म्हणते, ती तिसरी बाई त्यायले धाडाच लागते."

आणि परत घनच लिहिला, या वेळी खात्रीनं. मी काय सांगायला हवं होतं?

उद्या चाचणी. ती घनच लिहिणार, आणि फुली मीच मारणार.